ट्रॉलीच्या ड्रॉवरमध्ये गोट्या (सॉकेट) कशा लावता?

रबाळे_गॅरेज | ८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. दोन गाड्या आत, एक बाहेर ताडपत्रीखाली. मारुती आणि ह्युंदाई जास्त, टाटा-महिंद्रा बऱ्यापैकी, अधूनमधून एखादी स्कोडा किंवा फोक्सवॅगन.

गेल्या महिन्यात सात ड्रॉवरची ट्रॉली घेतली. पाने लागले, पकडी-स्क्रूड्रायव्हर लागले, गाडी अडली ती गोट्यांवर, म्हणजे रॅचेटच्या दांड्याला लावून नट-बोल्ट फिरवायच्या सॉकेटांवर. पाव इंची, तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि अर्धा इंची असे तीन ड्राइव्ह, म्हणजे दांडा बसतो त्या मागच्या चौकोनाची मापं, त्यात आखूड वेगळ्या, लंबी वेगळ्या, इम्पॅक्ट गनच्या काळ्या वेगळ्या. रविवारी जमिनीवर पोतं पसरून मोजल्या, ९४ निघाल्या. १७ मिमीच्या पाच आणि १० ची एकच!

विचारण्याचं खरं कारण सांगतो. मागच्या आठवड्यात एका गाडीची बॅटरी ट्रे काढून काम केलं आणि १३ ची गोटी एक्स्टेंशनसकट तिथेच राहिली. ग्राहक पनवेलला जाऊन आले, येताना खडखड ऐकू आली म्हणून बॉनेट उघडलं आणि सकाळी ती गोटी आणून माझ्या हातात ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "तुमची आहे ना?" तीच गोटी इंजिनाच्या पट्ट्यात गेली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असे. मापाप्रमाणे लावू की गाडीप्रमाणे? उभ्या की आडव्या? फोम, रेल की मॅग्नेट? आणि आपल्याकडच्या पावसात यातलं काय टिकतं?

---

सहा_सूत | ८ जून, रात्री ११:०५

कळंबोलीत ट्रकचं काम करतो. आमच्याकडे पाऊण इंची आणि एक इंचीच, म्हणजे सहा सूत आणि आठ सूत. आमची गोटी हरवत नाही, पायावर पडते :)

एकच सांगतो. जड माल सगळ्यात खालच्या ड्रॉवरला. वरचे दोन ड्रॉवर भरून एकदम बाहेर ओढले की ट्रॉली पुढे झुकते. आमच्याकडे एकदा अख्खी आडवी झाली, पोऱ्या थोडक्यात वाचला.

---

उस्ताद_वागळे | ९ जून, सकाळी ७:१५

मी वागळे इस्टेटमध्ये ३८ वर्षं काम केलं. ऑइलचा पाच लिटरचा डबा अर्धा कापलेला, त्यात सगळ्या गोट्या, तळाला थोडं डिझेल. गंज नाही, झंझट नाही. हात घातला की १२ कुठली आणि १३ कुठली ते बोटालाच कळतं. पोरांनो, हात तयार करा, ड्रॉवर नंतर.

---

रबाळे_गॅरेज | ९ जून, सकाळी ७:५०

उस्ताद, तुमच्या हाताला नमस्कार आहे, खरंच. पण माझ्याकडे दोन पोरं नवीन आहेत. त्यांचा हात तयार होईपर्यंत गाड्या थांबत नाहीत. आणि डब्यातून एक कमी झाली तर ती कशी कळायची?

---

मीनल_घोडबंदर | ९ जून, सकाळी ९:३०

मी मेकॅनिक नाही. माझी स्कूटर आणि नवऱ्याची बाईक दोन्हींची सर्व्हिसिंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच करते.

माझा अनुभव मिसळणाच्या डब्याचा आहे. हळद, तिखट, मोहरी, जिरं, ज्याची वाटी ज्याच्या जागी. फोडणी जळायला लागली की डबा न बघता हात बरोबर मोहरीवर जातो. पण आमच्याकडे पाहुणी आली आणि वाट्यांची अदलाबदल करून गेली, तर दोन दिवस वरणात जिरं पडतं. म्हणजे रचना कुठलीही चालेल, ती बदलायची नाही.

माझ्या स्कूटरला ८, १०, १२, १४, १७ आणि प्लगची १६ एवढ्यावर भागतं. त्या सहा गोट्या एका लाकडी पट्टीत, बाकी सेट कपाटात.

---

हँगर_बी१ | ९ जून, दुपारी १:२०

विमान देखभालीत बरीच वर्षं काढली, आता ऐरोलीत राहतो. धागाकर्त्याच्या प्रश्नाला थेट हात घालतो, कारण इंजिनात गोटी राहणे हा आमच्याकडे सगळ्यात गंभीर अपराध.

तुम्ही विचारताय, गोटी पटकन कशी सापडेल. आम्हाला शिकवलं गेलं ते वेगळं : नसलेली गोटी पटकन कशी दिसेल ते आधी बघ. म्हणून आमच्या ड्रॉवरमध्ये दोन रंगांचा फोम असतो. वर काळा, खाली पिवळा किंवा लाल. वरच्या थरात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा कापलेला. गोटी उचलली की खालचा पिवळा गोल डोळ्यात भरतो. दहा फुटांवरून ड्रॉवर बघितला तरी कळतं की दोन बाहेर आहेत. प्रत्येक हत्यारावर पेटीचा नंबर कोरलेला असतो. काम सुरू करताना मोजणी, संपल्यावर मोजणी. एक जरी कमी असेल तरी ती सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. मग रात्रीचे दोन वाजोत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ड्रॉवरमध्ये एका मापाची एका प्रकारची एकच गोटी. तुमच्या १७ च्या पाच आहेत ना, त्यातल्या चार बाहेर काढा. पाचातली एक गेली तर तुम्हाला कळणारच नाही. दोन, खाच्यांची संख्या ड्रॉवरच्या कडेला लिहून ठेवा.

---

रिंगपाना | ९ जून, दुपारी २:०५

+१. हा प्रतिसाद वाचून आत्ता उठून माझा ड्रॉवर बघून आलो. १० ची नाही. माहेरी गेली असावी.

---

खाडीकाठचा | ९ जून, रात्री ९:१०

हँगरसाहेबांशी तत्त्वतः सहमत, पण फोमबद्दल जपून. माझं वर्कशॉप कळव्याला खाडीपासून पाच मिनिटांवर. जूनमध्ये कौतुकाने फोम घातला. गणपतीत ड्रॉवर उघडला तर प्रत्येक गोटीला खालच्या बाजूने तपकिरी कडं आलेलं. फोमने हवेतला दमटपणा ओढून घेतला आणि गोट्या त्यात पावसाळाभर बसून राहिल्या. क्रोम जिथे उडालेलं होतं तिथे तर खड्डे पडले.

तेव्हापासून ॲल्युमिनियमची रेल, त्यावर क्लिपा. चारी बाजूंनी हवा लागते.

---

हँगर_बी१ | ९ जून, रात्री ९:४५

तुम्ही गादीचा स्पंज घातला असणार. तो पाणी पितोच. मी म्हणतोय तो ईव्हीए फोम, मुलांच्या खोलीत जमिनीवर घालायच्या जाडसर मॅट असतात ना, त्या जातीचा. त्याचे कप्पे बंद असतात, पाणी आत शिरत नाही. घ्यायच्या आधी एक तुकडा पाण्यात बुडवून पिळून बघा. पाणी निघालं तर तो आपल्या कामाचा नाही.

आणि फोम कुठलाही असो, ओली गोटी आत ठेवायची नाही. संध्याकाळी तेलाचा हात लावलेल्या फडक्याने पुसून मगच जागेवर.

---

खाडीकाठचा | ९ जून, रात्री १०:००

बरोबर, गादीवाल्याकडूनच आणला होता. पण रेल सोडणार नाही. रेल उचलून थेट गाडीपाशी नेता येते.

---

तासिका_४ | १० जून, सायंकाळी ६:३०

मी आयटीआयमध्ये शिकवतो. "मापाप्रमाणे की गाडीप्रमाणे" याचं उत्तर बोल्टमध्येच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

६ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं बहुतेक सगळीकडे १० चं. म्हणून १० ची गोटी सगळ्यात जास्त फिरते आणि सगळ्यात जास्त हरवते. पुढे वाटा फुटतात. ८ मिमीच्या बोल्टला जपानी पद्धतीत १२ चं डोकं, युरोपीय पद्धतीत १३ चं. १० मिमीच्या बोल्टला जपानी १४, युरोपीय जुन्या मानकात १७ आणि नव्यात १६. १२ मिमीला जपानी १७, युरोपीय १९ किंवा १८. मारुती, होंडा, टोयोटा आणि कोरियन असूनही ह्युंदाई जपानी वाटेने जातात : १०, १२, १४, १७. स्कोडा-फोक्सवॅगन युरोपीय वाटेने : १०, १३, १६, १८. चाकाचे नट-बोल्ट मारुतीला १९, ह्युंदाईला २१, फोक्सवॅगनला १७.

म्हणून गोट्या चढत्या मापानेच लावा, पण रंगाची खूण करा. १२, १४, १७ शेजारी हिरवा ठिपका, १३, १६, १८ शेजारी निळा. नव्या पोराला नुसतं सांगायचं, "मारुती आहे, हिरव्या घे." आठवड्यात त्याच्या डोक्यात बसतं. गाडीप्रमाणे वेगळे ड्रॉवर केलेत तर १० आणि १९ दोन-दोन ठेवाव्या लागतील. मग वर हँगरसाहेब म्हणाले तो घोटाळा झालाच.

आणि इंची गोट्या, म्हणजे ड्राइव्ह नव्हे तर तोंडाचं मापच इंचात असलेल्या, त्या ट्रॉलीतून आजच्या आज बाहेर काढा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. ती १३ च्या डोक्यावर चढत नाही, आणि १२ च्या डोक्यावर ढिली बसून कोपरे मारते. पाऊण इंच १९.०५ म्हणजे १९ ला चालते. अशा एखाद्या जोडीमुळे सगळ्यांना वाटतं की बाकीच्याही चालतील.

---

उस्ताद_वागळे | १० जून, रात्री ८:००

सर, इंची गोट्यांवर आमची उमेदीची अख्खी वर्षं गेली. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, सगळा इंचांचा कारभार. शेजारी फियाट उभी असली की ती मिलिमीटरवाली. दोन्ही गाड्या एकाच दिवशी आल्या की दोन डबे ठेवायचो. एकाला लाल पट्टा, एकाला नाही. बघा, आम्हीही रंग लावतच होतो.

---

मीनल_घोडबंदर | १० जून, रात्री ८:२०

उस्तादकाका, म्हणजे तुमचाही मिसळणाचा डबा होताच की!

---

रिंगपाना | ११ जून, सकाळी १०:००

सगळे बोलले, पण मुख्य वाद राहिला. गोटीचं तोंड (नटावर बसणारी बाजू) वर की चौकोन (रॅचेट बसतो ती बाजू) वर?

माझं मत : तोंड वर. षटकोन दिसतो, माप डोळ्याला कळतं. खुंट्यांचा ट्रे मिळतो, चौकोन खुंटीवर बसतो, पडत नाही.

---

खाडीकाठचा | ११ जून, सकाळी १०:४०

चौकोन वर, शंभर टक्के. रॅचेट वरून दाबायचा, टक आवाज आला की गोटी घेऊन उचलायचा. एका हाताचं काम. तोंड वर ठेवलंत तर गोटी उचला, उलटी करा, दुसऱ्या हातातल्या रॅचेटला लावा. गाडीखाली झोपलेला असताना दुसरा हात कुठून आणायचा?

---

रिंगपाना | ११ जून, सकाळी ११:१५

चौकोन वरून सगळे सारखेच दिसतात. अर्धा इंची १०, ११, १२ यांचा मागचा भाग जवळपास एकाच जाडीचा, कारण आत तोच १२.७ चा चौकोन. माप कसं ओळखणार?

---

मीनल_घोडबंदर | ११ जून, दुपारी १२:३०

जागेवर आकडा लिहून. डबा बदलत नसेल तर वाटीवर नाव कशाला हवं?

एक युक्ती देते. गोटीच्या अंगावर कोरलेला आकडा मळला की दिसत नाही. पांढरं नेलपॉलिश त्यावर फासायचं, मिनिटभराने रिमूव्हरच्या ओलसर फडक्याने वरवर पुसायचं. वरचं जातं, खाचेतलं राहतं. आकडा पांढराशुभ्र उठून दिसतो. फडकं घट्ट गुंडाळलेलं हवं, नाहीतर खाचेतलंही निघतं. माझ्या सासऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येतो.

---

तासिका_४ | ११ जून, दुपारी १:००

ताई, आम्ही वर्कशॉपमध्ये हेच पांढऱ्या ऑइलपेंटने करतो. मायक्रोमीटरच्या पुसट रेघांनासुद्धा.

---

थर_थर | ११ जून, रात्री ११:५०

माजिवड्याला राहतो, थ्रीडी प्रिंटिंग करतो. २०२२ मध्ये यूट्यूबवाल्या झॅक फ्रीडमनने ग्रिडफिनिटी नावाची पद्धत खुली करून दिली. ४२ मिमीच्या चौकटींची जाळी ड्रॉवरच्या तळाला, तिच्यावर हवे तसे ट्रे बसवायचे. सॉकेटसाठी तयार डिझाइन भरपूर आहेत, आकडे छापूनच येतात. गॅरेजसाठी पीएलए प्लास्टिक वापरू नका, साधारण ६० अंशांना ते मऊ पडतं. पत्र्याच्या शेडखाली उन्हात ट्रॉली राहिली तर ट्रे वाकतील. पीईटीजी घ्या.

---

सहा_सूत | १२ जून, सकाळी ८:१०

मॅग्नेटबद्दल कोणी बोललं नाही. मी दोन वर्षं पट्टी वापरली. गोटी जागची हलत नाही हे खरं. पण डिस्क-ड्रमच्या कामाची जी बारीक लोखंडी भुकटी उडते ती सगळी पट्टीवर दाढीसारखी उगवते. शिवाय गोटीत स्वतःतच थोडं चुंबकत्व उतरतं आणि ती भुकटी घेऊन इंजिनापाशी जाते. काढून टाकली.

---

नवा_हात | १४ जून, दुपारी ४:००

मी धाग्यावर पहिल्यांदा लिहितोय. मीच तो पोऱ्या नाही, पण तसाच एका गॅरेजमध्ये शिकतोय, नेरूळला. आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडून पूजा होते. त्या दिवशी एकेक गोटी मापाने लागलेली असते, हळदकुंकू लावलेली, झेंडूचं फूल वाहिलेलं. इतकं छान दिसतं की हात लावावासा वाटत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत बादलीत. मला नेहमी वाटतं, ती तशीच ठेवली तर? पण मालकांना सांगायची हिंमत होत नाही.

---

उस्ताद_वागळे | १४ जून, रात्री ९:००

बाळ, संध्याकाळी सगळे घरी गेले की पंधरा मिनिटं थांब आणि फक्त तीन सुताच्या लावून ठेव. काही बोलू नकोस. सकाळी मालकांना १२ ची एका फटक्यात मिळाली की तेच विचारतील कोणी केलं. मी मालक होतो, मला माहीत आहे.

---

रबाळे_गॅरेज | २ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, उशीर झाला, पण काम पूर्ण करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी माप घेतलं. ड्रॉवर आतून ५६० मिमी रुंद, ४०० खोल आणि उंची फक्त ७०. इथेच पहिला डाव कळला. अर्धा इंचीची लंबी गोटी ७५ च्या वर, ती उभी राहिली तर ड्रॉवर बंद होणार नाही. म्हणून तिन्ही ड्राइव्हच्या आखूड गोट्या उभ्या, चौकोन वर. अर्धा इंचीच्या लंबी आडव्या, आकडा वर. तीन सुताच्या लंबी ६३ च्या आसपास भरतात, त्या उभ्या मावतात, पण खाच्याबाहेर जास्त राहिल्या तर अडकतात. त्यांचे खाचे खालच्या पिवळ्या थरापर्यंत घेतले.

ईव्हीए मुंबईच्या नागदेवी बाजारातून आणला, पाण्यात बुडवून पिळून. २५ मिमी काळा, खाली ५ मिमी पिवळा. गोल कापायला ब्लेडने सुरुवात केली, पण कडा वेड्यावाकड्या आल्या. मग वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पाइपचे तुकडे घेतले, ग्राइंडरवर आतून-बाहेरून धार लावली आणि साबणाच्या पाण्यात बुडवून हाताने पिळत दाबले. सफरचंदाचा गाभा काढावा तसा गोल बाहेर येतो. चिकटवण्याआधी फक्त काळा थर कापायचा, पिवळ्याला धार लागू द्यायची नाही. पहिल्या तुकड्यात माझा पिवळाही कापला गेला, तो फेकला.

अर्धा इंचीची ओळ १० ते २२ आणि २४, अशा १४ गोट्या. ५६० मध्ये दोन बोटं जागा उरली. २७, ३०, ३२ सहा_सूत यांच्या सल्ल्याने तळाच्या ड्रॉवरला, इम्पॅक्टच्या काळ्या गोट्यांबरोबर. वरचा ड्रॉवर तीन सुताचा, कारण आमचं रोजचं निम्म्याहून जास्त काम तिथेच आहे. हिरवे-निळे ठिपके सरांच्या सांगण्याप्रमाणे. आकडे मीनलताईंच्या नेलपॉलिशने, बायकोने बसून केले आणि तिला खूप आवडलं ते काम. खाचे एकूण ५८, ड्रॉवरच्या कडेला तीन आकडे लिहिलेत. दुप्पट-तिप्पट असलेल्या आणि इंची गोट्या वेगळ्या पेटीत कुलपात.

आता मागच्या शनिवारचं. रात्री आठला पोरं हात धुवायला गेली, मी ड्रॉवर ओढला. तीन सुताच्या लंबीच्या ओळीत १४ वर पिवळा गोल. गाडी रस्त्यावर निघालेली, ग्राहकाच्या हातात किल्ली. थांबवलं. वायपरखालच्या जाळीच्या खोबणीत, काचेला टेकून पडली होती. ग्राहकाला मीच दाखवली आणि सांगितलं काय झालं ते. ते म्हणाले, "मोजता का रोज?" म्हटलं, आता मोजतो.

---

हँगर_बी१ | २ जुलै, रात्री १०:३५

शाब्बास. मनापासून.

---

खाडीकाठचा | २ जुलै, रात्री ११:००

पाइपला धार लावायची युक्ती उचलतोय. पावसाळा संपला की खाली पिवळा थर ठेवून रेल बसवतो, दोन्ही होईल. गणपतीनंतर तुमच्या गोट्यांच्या बुडाचे फोटो मात्र टाका, गंजाचं काय झालं ते बघायचंय.

---

नवा_हात | ३ जुलै, सकाळी ७:४०

उस्तादकाका, तीन सुताच्या लावल्या. मालकांनी विचारलं. काल त्यांनी पाव इंचीची पेटीपण माझ्याकडे दिली.

---

उस्ताद_वागळे | ३ जुलै, सकाळी ९:१५

रबाळेवाले, रविवारी येतो बघायला. डबा घेऊन येतो. त्यात माझ्या जुन्या सहाकोनी गोट्या आहेत, अर्धा इंची, एकाही कोपऱ्याला धक्का नाही. मला आता लागत नाहीत. तुझ्याकडे काही कमी असेल तर घे.

---

रबाळे_गॅरेज | ३ जुलै, सकाळी ९:३०

या काका, वाट बघतो. २२ ची लंबी माझ्याकडे कधीच नव्हती. तो खाचा कापून ठेवलाय आणि चुकून हरवलेली वाटू नये म्हणून वर टेप लावलीय.